मोटारगाडीची एंजिनशक्ती व प्रवेग

मोटारगाडीचे एंजिन एकक काळात जितके कार्य करते त्यास त्याची शक्ती म्हणतात व गाडीचा वेग एकक काळात जितका वाढतो त्यास तिचा प्रवेग म्हणतात. शक्ती किलोवॉट (किवॉ.) किंवा अश्वशक्ती (अ. श.) या एककांत सांगतात. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉट, तर ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॉट असते. प्रवेग व्यवहारात गाडीस स्थिर अवस्थेपासून ताशी ६० किंवा १०० किमी. वेग गाठण्यास लागणाऱ्या सेकंदांत सांगण्याची रूढी आहे. गेल्या सात-आठ दशकांत सामान्य कुटुंबाच्या वापरातील मोटारींच्या या दोन्ही गुणांत मोठी वाढ झाली. ही वाढ मुख्यतः एंजिनाचा आकार वाढवून झालेली नाही. तेवढ्याच किंवा लहान आकाराच्या एंजिनात अधिक हवा भरून आणि इंधन अधिक अचूकपणे जाळून ती साधली आहे. नाशिक व इगतपुरी या परिसरात वाहने, एंजिने व इंधन अंतःक्षेपणाची साधने अशा तिन्ही वस्तूंचे उत्पादन होत आल्याने या विकासाचे जवळजवळ सर्व टप्पे तेथे पाहावयास मिळतात.

जुन्या व नव्या एंजिनांची तुलना करताना मापनपद्धती लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत सु. १९७२ पर्यंत पंखा, विद्युत् जनित्र, निष्कास नळी इ. उपांगे काढून एंजिनाची स्थूल शक्ती मोजण्याची प्रथा होती. त्यानंतर ही सर्व उपांगे जोडलेल्या स्थितीतील निव्वळ शक्ती देण्यास सुरुवात झाली. त्यामुळे जुने आकडे काहीसे फुगलेले असतात व प्रत्यक्ष सुधारणा आकड्यांवरून दिसते तीपेक्षा थोडी अधिकच असते. भारतात वाहनांच्या व एंजिनांच्या चाचण्या व प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख आहे.

मूलतत्त्वे : सिलिंडरातील जळत्या वायूंच्या दाबाने दट्ट्या ढकलला जातो व भुजादंड फिरतो. भुजादंड फिरविणाऱ्या परिबलास व्यवहारात टॉर्क म्हणतात व ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हे परिबल आणि भुजादंडाच्या फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर शक्ती अवलंबून असते. परिबल (न्यूटन-मीटर) व मिनिटातील फेरे यांच्या गुणाकारास ९,५४९ ने भागले असता शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. तीच शक्ती थोड्या परिबलाने व पुष्कळ फेऱ्यांनी किंवा मोठ्या परिबलाने व थोड्या फेऱ्यांनी मिळू शकते. गाडी चालविणाऱ्यास जाणवणारा जोर पुष्कळदा कमाल शक्तीपेक्षा कमी फेऱ्यांना किती परिबल उपलब्ध आहे यावर अवलंबून असतो.

एंजिनापासून किती शक्ती मिळेल, हे ते दर मिनिटास किती हवा आत घेते यावरून ठरते. कारण १ किग्रॅ. पेट्रोल पूर्ण जळण्यास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते. सु. १,०९० घ. सेंमी. आकारमानाचे चार धावांचे एंजिन मिनिटास ४,८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर ते दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरते. म्हणजे मिनिटास जास्तीत जास्त सु. २,६०० लि. हवा घेऊ शकते. प्रत्यक्षात नळ्या व झडपा यांच्या रोधामुळे भरण सु. ८०% होते असे धरले, तर सु. २.५ किग्रॅ. हवेत सु. १७० ग्रॅ. पेट्रोल जाळता येते. त्या पेट्रोलातील ऊर्जेपैकी एकचतुर्थांश ऊर्जा भुजादंडावर आली, तर सु. ३० किवॉ. म्हणजे ४० अ. श. इतकी शक्ती मिळते. एके काळी महाराष्ट्रातील रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या फियाट मोटारीची शक्ती नेमकी एवढीच होती. या हिशोबावरून शक्ती वाढविण्याचे मार्गही स्पष्ट होतात : आकारमान वाढविणे, फेरे वाढविणे, भरण सुधारणे, हवा दाबाखाली भरणे आणि इंधनातील ऊर्जेचा अधिक मोठा भाग कार्यात उतरविणे.

प्रवेगासाठी गाडीला गतिज ऊर्जा पुरवावी लागते. प्रवाशांसह १,४०० किग्रॅ. द्रव्यमानाच्या गाडीला ताशी १०० किमी. वेग देण्यास सु. ५४० किलोजूल ऊर्जा लागते. ती २० सेकंदांत पुरवावयाची तर सरासरी २७ किवॉ. (सु. ३७ अ. श.) आणि १० सेकंदांत पुरवावयाची तर ५४ किवॉ. (सु. ७३ अ. श.) शक्ती चाकांपर्यंत पोहोचावी लागते. शिवाय हवेचा व टायरांचा रोध, दंतचक्र पेटीतील घर्षण आणि गियर बदलताना जाणारा वेळ यांसाठी अधिक शक्ती लागते. म्हणून प्रवेगाचा अंदाज घेताना केवळ शक्ती न पाहता दर टन वजनामागे किती अश्वशक्ती आहे ते पाहतात.

चढावर याच शक्तीचा मोठा भाग वजन उचलण्यात खर्च होतो. मुंबईहून नाशिककडे येताना कसारा (थळ) घाटात सु. ३०० मी. चढून सह्याद्रीच्या माथ्यावर यावे लागते. एकास वीस अशा चढावर १,२५० किग्रॅ. द्रव्यमानाची गाडी ताशी ६० किमी. वेगाने न्यावयाची असेल, तर केवळ वजन उचलण्यास सु. १० किवॉ. आणि हवा व टायर यांच्या रोधासाठी आणखी सु. ५ किवॉ. शक्ती लागते. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीची निम्म्याहून अधिक उपयुक्त शक्ती अशा रीतीने संपते व वेग वाढविण्यासाठी फारशी उरत नाही. त्यातच इगतपुरीच्या उंचीवर (सु. ६०० मी.) हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. ६% कमी असल्याने साध्या एंजिनाची शक्तीही जवळजवळ तितकीच घटते. जुन्या गाड्या घाटात खालच्या गियरवर सावकाश चढत, त्यांचे एंजिन तापे व शीतकातील पाणी उकळे, याचे कारण हेच होय.

जुनी एंजिने : अमेरिकेच्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८) या मोटारीचे एंजिन सु. २.९ लि. आकारमानाचे असून त्याची शक्ती २० अ. श., म्हणजे दर लिटरमागे केवळ ७ अ. श. होती. त्या काळचे इंधन लवकर ठोका देणारे असल्याने मिश्रण फारसे दाबता येत नसे. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी कार्यक्षमता वाढते. परंतु हलक्या प्रतीचे पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीने शांतपणे जळण्याऐवजी एकदम पेटते व दट्ट्यास इजा करते. पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळल्यास हा ठोका टळतो, असे १९२१ मध्ये अमेरिकेत आढळून आले. त्यामुळे संपीडन गुणोत्तर वाढविता आले. परंतु शिसे विषारी असल्याने पुढे ते वर्ज्य करावे लागले. भारतात २००० सालापासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. त्यामुळे शिशाने निकामी होणारे उत्प्रेरक निष्कास परिवर्तकही वापरता आले.

भारतात १९५० ते १९८० या काळात परवाने, आयात निर्बंध व लहान बाजारपेठ यांमुळे मोटारींच्या रचनेत फारच थोडे बदल झाले. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेल्या प्रीमिअर पद्मिनी (१९७४) या मोटारींचे १,०८९ घ. सेंमी. आकारमानाचे एंजिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. याच आकारमानाचे मूळ एंजिन इटलीत १९३७ मध्ये ३२ अ. श. शक्ती देत होते. पद्मिनीत ते सु. ४० अ. श. देत असे व ही गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होती. मुंबई–नाशिक मार्गावरील काळ्यापिवळ्या टॅक्स्यांत याच गाड्यांचा मोठा भरणा होता.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या मोटारीने वेगळा मार्ग दाखविला. तिचे ७९६ घ. सेंमी. आकारमानाचे तीन सिलिंडरांचे एंजिन सु. ३७ अ. श. देत होते, म्हणजे शक्ती पद्मिनीपेक्षा कमीच होती. मात्र गाडीचे वजन सु. ६२० किग्रॅ. असल्याने दर टनामागील शक्ती सु. ६० अ. श. झाली व लहान एंजिनाची गाडी मोठ्या एंजिनाच्या गाडीपेक्षा चपळ ठरली. वजन कमी करणे हा प्रवेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे यावरून सामान्य ग्राहकासही उमगले.

नाशिक परिसरातील विकास : महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप गाडीची जुळणी सुरू केली. त्या काळच्या जीपचे सु. २.२ लि. आकारमानाचे पेट्रोल एंजिन मिनिटास ४,००० फेऱ्यांना ६० अ. श. देई. पेट्रोल महागल्यावर जीपमध्ये डीझेल एंजिन बसविण्याकडे कल झाला. त्यासाठी प्रथम ट्रॅक्टरच्या एंजिनावरून बेतलेली एंजिने वापरण्यात आली. ती काटकसरी व टिकाऊ होती. परंतु जड व मंद होती. १९८० च्या दशकात कंपनीच्या इगतपुरी येथील कारखान्यात फ्रान्समधील पेजो कंपनीच्या रचनेनुसार २,११२ घ. सेंमी. आकारमानाची, सु. ६२ अ. श. शक्तीची डीझेल एंजिने तयार होऊ लागली. याच सुमारास नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कंपनीचा वाहननिर्मितीचा कारखाना उभा राहिला.

पेजो एंजिनात इंधन मुख्य ज्वलन कोठीत न सोडता तिला जोडलेल्या लहान पूर्वकोठीत सोडले जाई. त्यामुळे ज्वलन सौम्य होई, पण पूर्वकोठीच्या भिंतींतून पुष्कळ उष्णता वाया जाई. शिवाय डीझेल एंजिनात प्रत्येक धावेत इंधन व हवा यांचे मिश्रण होण्यास अत्यंत थोडा वेळ मिळतो. इंधन जाड थेंबांच्या रूपात आले, तर त्याचा काही भाग अर्धवट जळतो व काळा धूर निघतो. म्हणून धुराच्या मर्यादेत राहण्यासाठी इंधन कमीच द्यावे लागे व शक्तीही तेवढीच मर्यादित राही.

ही अडचण दूर करण्याचे काम अंतःक्षेपकाच्या प्रोथाकडे, म्हणजे कारखान्यात ज्यास नोझल म्हणतात त्या भागाकडे आले. नाशिक येथे त्र्यंबक मार्गालगत सातपूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा (मायको, २००८ पासून बॉश लिमिटेड) कारखाना सु. १९७० पासून असून डीझेल एंजिनांचे प्रोथ व अंतःक्षेपक ही त्याची मुख्य उत्पादने होत. शहरातील ‘मायको सर्कल’ या चौकाचे नाव त्यावरूनच पडले आहे. प्रोथातील सुई व तिचे आवरण यांमधील फट अवघ्या काही सहस्रांश मिमी.ची असते. ती जास्त झाल्यास इंधन गळते व कमी झाल्यास सुई अडकते. जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्रपणे दाब निर्माण करी व एंजिनाचे फेरे कमी असताना हा दाबही कमी पडे. सामाईक नलिका (कॉमन रेल) पद्धतीत इंधन एका मजबूत नळीत सतत अतिशय उच्च दाबाखाली साठविले जाते व विद्युत् नियंत्रित अंतःक्षेपक ते हव्या त्या क्षणी सोडतात. ही पद्धत १९९७ मध्ये इटलीतील एका मोटारीत प्रथम व्यापारी स्वरूपात आली. तीत सुरुवातीला सु. १,३५० बार (वातावरणीय दाबाच्या सु. १,३५० पट) व पुढे २,००० बारच्या आसपास दाब वापरला गेला. प्रोथाची भोके मिलिमीटरच्या एकदशांश ते एकपंचमांश व्यासाची असल्याने इंधनाचा धुक्यासारखा बारीक फवारा होतो. एका धावेत अल्प पूर्वफवारा, मुख्य फवारा व उत्तरफवारा असे भाग पाडता येतात. पूर्वफवाऱ्यामुळे दाब एकदम न वाढता क्रमाने वाढतो व डीझेल एंजिनाचा पूर्वीचा खडखडाट कमी होतो.

अचूक इंधनाबरोबर अधिक हवाही लागते. ती टर्बोचार्जर पुरवितो. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूंवर एक लहान चक्र फिरते आणि त्याच आसावरील दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरात भरते. या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले होते. परंतु सामान्य मोटारीत ती १९७० च्या दशकानंतरच रुळली. दाबलेली हवा तापते व तिची घनता घटते, म्हणून ती सिलिंडरात जाण्यापूर्वी शीतकातून थंड करून घेतात. घाटमाथ्यावरील विरळ हवेची उणीवही टर्बोचार्जर बऱ्याच अंशी भरून काढतो.

या दोन्ही सुधारणांचा परिणाम नाशिकला तयार झालेल्या स्कॉर्पिओ गाडीच्या इतिहासात क्रमाने दिसतो. २००२ मध्ये आलेल्या या गाडीच्या २,६०९ घ. सेंमी.च्या टर्बो डीझेल एंजिनाची शक्ती १०९ अ. श. होती. २००५ मध्ये त्याच आकारमानाच्या एंजिनास सामाईक नलिका पद्धती जोडल्यावर ती ११५ अ. श. झाली. २००८ मध्ये ‘एमहॉक’ हे नवे एंजिन आले. त्याचे आकारमान २,१७९ घ. सेंमी. इतके कमी असूनही शक्ती १२० अ. श. व परिबल २९० न्यूटन-मीटर होते. त्यातील टर्बोचार्जरच्या चक्राभोवतीची पाती फिरवून वायूचा मार्ग अरुंद वा रुंद करता येत असल्याने कमी फेऱ्यांनाही हवेचा दाब मिळू लागला. २०१७ मध्ये याच एंजिनाच्या एका आवृत्तीची शक्ती १४० अ. श. पर्यंत गेली. २०२२ मधील स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये ॲल्युमिनियमचे एंजिन वापरून त्याचे वजन सु. ५५ किग्रॅ.ने कमी करण्यात आले.

पेट्रोल एंजिनांत हा बदल वेगळ्या क्रमाने झाला. सन २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊन संगणक-नियंत्रित अंतःक्षेपण आले. प्रत्येक सिलिंडरास दोनऐवजी चार झडपा देण्यात आल्याने श्वसन सुधारले. त्यानंतर टर्बोचार्जर आला. नाशिकला तयार झालेल्या एक्सयूव्ही ३०० (२०१९) या मोटारीचे पेट्रोल एंजिन १,१९७ घ. सेंमी.चे, म्हणजे पद्मिनीच्या एंजिनापेक्षा केवळ एकदशांशाने मोठे होते. पण त्याची शक्ती ११० अ. श. होती. या मोटारीच्या १,४९७ घ. सेंमी.च्या डीझेल एंजिनाचे परिबल मिनिटास १,५०० फेऱ्यांनाच ३०० न्यूटन-मीटर होते. या फेऱ्यांना त्याची शक्ती सु. ४७ किवॉ. (सु. ६४ अ. श.) भरते. जुन्या जीपच्या मोठ्या एंजिनास ४,००० फेऱ्यांना जी कमाल शक्ती गाठता येत असे, तीपेक्षा ही अधिक आहे.

कोष्टक : काही वाहनांची एंजिनशक्ती (शेवटच्या दोन स्तंभांतील आकडे सुमारे)

| वाहन | आकारमान (घ. सेंमी.) | शक्ती (अ. श.) | दर लिटरमागे अ. श. | दर टनामागे अ. श. |
|---|---|---|---|---|
| विलिस जीप (१९४० चे दशक) | २,१९९ | ६० | २७ | ६० |
| प्रीमिअर पद्मिनी (१९७४) | १,०८९ | ४० | ३७ | ४५ |
| मारुती ८०० (१९८३) | ७९६ | ३७ | ४६ | ६० |
| स्कॉर्पिओ (२००२) | २,६०९ | १०९ | ४२ | ६० |
| स्कॉर्पिओ एमहॉक (२००८) | २,१७९ | १२० | ५५ | ६५ |
| एक्सयूव्ही ३०० पेट्रोल (२०१९) | १,१९७ | ११० | ९२ | ८० |
| थार डीझेल (२०२०) | २,१८४ | १३० | ६० | ७५ |
| बोलेरो (२०२०) | १,४९३ | ७५ | ५० | ४५ |

वाढीव शक्तीचा विनियोग : कोष्टकातील शेवटचे दोन स्तंभ एकत्र पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. दर लिटरमागील शक्ती दुप्पट-तिप्पट झाली, तरी दर टनामागील शक्ती त्या मानाने थोडीच वाढली. जुनी जीप सु. एक टन वजनाची होती, तर तिची वारसदार म्हणता येईल अशी थार (२०२०) सु. पावणेदोन टन आहे. एंजिनाची शक्ती दुपटीहून अधिक झाली. पण तिचा मोठा वाटा वाढलेल्या वजनाने घेतला. हे वजन निरर्थक नसते. अपघातात प्रवाशांचे रक्षण करणारी मजबूत चौकट, हवेच्या पिशव्या, वातानुकूलन, मोठी चाके व ध्वनिरोधक थर यांमुळे ते वाढते. तथापि एंजिनातील सुधारणा इंधनबचतीसाठी वापरावी की वजन व वेग यांसाठी, ही निवड प्रत्येक पिढीत उत्पादक व ग्राहक करीत आले आहेत. अमेरिकेत नव्या गाड्यांची सरासरी शक्ती १९८० च्या दशकाच्या आरंभी १०० अ. श.हून थोडी अधिक होती. ती २०२० नंतर २५० अ. श.च्या वर गेली. ताशी सु. ९७ किमी. वेग गाठण्याचा सरासरी काळ याच अवधीत १४ सेकंदांहून अधिक होता, तो ८ सेकंदांच्या खाली आला.

बोलेरो गाडीचे उदाहरण याहून वेगळे आहे. २०२० च्या आवृत्तीत तिची दर टनामागील शक्ती पद्मिनीइतकीच आहे. या गाडीत २०११ च्या सुमारास २,५२३ घ. सेंमी.चे सु. ६३ अ. श. शक्तीचे व १९५ न्यूटन-मीटर परिबलाचे एंजिन होते. २०१६ मध्ये त्याऐवजी तीन सिलिंडरांचे १,४९३ घ. सेंमी.चे, ७० अ. श. शक्तीचे एंजिन आवृत्तीविशेषात बसविण्यात आले. त्याचे परिबलही १९५ न्यूटन-मीटरच होते. सु. एक लिटर आकारमान कमी होऊनही ओढण्याचे बळ तेवढेच राहिले. सुधारणेचा उपयोग येथे वेगासाठी न करता लहान एंजिनाकडून तेच काम करून घेण्यासाठी करण्यात आला. कच्चे रस्ते, चढ व भरपूर ओझे यांसाठी गाडी घेणाऱ्या ग्रामीण ग्राहकास शून्यापासून शंभरापर्यंतच्या सेकंदांपेक्षा कमी फेऱ्यांना मिळणारे परिबल अधिक मोलाचे वाटते.

सुरक्षितता : वाढलेल्या प्रवेगाचा एक लाभ दुपदरी रस्त्यावर पुढील वाहन ओलांडताना मिळतो. १,४०० किग्रॅ.च्या गाडीचा वेग ताशी ६० वरून ८० किमी. करण्यास सु. १५० किलोजूल ऊर्जा लागते. रोधावर मात करून १५ किवॉ. शक्ती शिल्लक असेल, तर यास १० सेकंद लागतात व तेवढ्यात गाडी सु. १९५ मी. जाते, ४० किवॉ. शिल्लक असेल, तर चार सेकंदांहून कमी वेळात सु. ७५ मी. अंतरात हे साधते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूस राहण्याचा धोकादायक काळ त्यामुळे निम्म्याहून कमी होतो. चौपदरीकरणापूर्वीच्या मुंबई–आग्रा मार्गावर मालमोटारींच्या रांगेमागे अडकलेल्या कमी शक्तीच्या मोटारींना ही सोय नव्हती.

परंतु शक्तीबरोबर वेगाची सवयही वाढते आणि थांबण्याचे अंतर एंजिनामुळे कमी होत नाही. चालकास ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो व कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदास ७ मी. प्रति सेकंद या दराने घटतो असे धरल्यास ताशी ६० किमी. वेगाची गाडी सु. ३७ मी.मध्ये, १०० किमी. वेगाची सु. ८३ मी.मध्ये आणि १२० किमी. वेगाची सु. ११३ मी.मध्ये थांबते. वेग दुप्पट झाला, तर अंतर तिप्पट होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. नाशिक जिल्ह्यातून जाणारा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला असून त्यावर मोटारींस ताशी १२० किमी.ची वेगमर्यादा ठेवण्यात आली. पूर्वीच्या मोटारींपैकी अनेकींना हा वेग गाठताच येत नसे. आता साध्या मोटारीसही तो सहज गाठता येतो. म्हणून प्रवेगाबरोबर आरोधनाचीही सुधारणा आवश्यक ठरली. चाके न अडकू देणारी आरोधन यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून मोटारींस सक्तीची झाली व जुलै २०१९ पासून ताशी ८० किमी. वेग ओलांडताच इशारा देणारी यंत्रणाही बंधनकारक झाली.

प्रदूषण : शक्तिवाढ व धूरनियंत्रण यांची साधने बहुतांशी समान आहेत. भारतात २००० पासून युरोपीय धर्तीवरील उत्सर्जन मर्यादा क्रमाने लागू झाल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत टप्पा सहा’ ही मर्यादा आली व इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षांत ५० भागांवरून १० भागांवर आणण्यात आले. बारीक फवारा, पुरेशी हवा व अचूक वेळ यांमुळे काजळी कमी होते. पण उच्च तापमानामुळे नायट्रोजनाची ऑक्साइडे वाढतात. ती आवरण्यासाठी निष्कास वायूचा काही भाग पुन्हा आत घेणे, उत्प्रेरक व काजळीगाळणी हे उपाय करावे लागतात. यांमुळे डीझेल एंजिनाची किंमत वाढली व लहान मोटारींत ते वापरणे अनेक उत्पादकांनी सोडून दिले.

विद्युत् मोटारगाड्या : विद्युत् चलित्राचे कमाल परिबल अगदी सुरुवातीपासून मिळते, त्यास हवा भरण्याची, फेरे वाढण्याची वा गियर बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून वजन अधिक असूनही विद्युत् मोटारीचा प्रारंभिक प्रवेग चांगला असतो. नाशिकच्या कारखान्यातून २०२३ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ४०० या विद्युत् मोटारीची शक्ती १५० अ. श. व परिबल ३१० न्यूटन-मीटर होते. ताशी १०० किमी. वेग गाठण्यास तिला ८.३ सेकंद लागतात, असे उत्पादकांनी जाहीर केले होते. पद्मिनीसारख्या गाडीस यासाठी वीस सेकंदांहून बराच अधिक काळ लागत असे. विरळ हवेचा विद्युत् चलित्रावर परिणाम होत नाही आणि घाट उतरताना तेच जनित्राचे काम करून काही ऊर्जा घटमालेत परत भरते.

या बदलाचा संबंध मोटार चालविणाऱ्यांपुरता नाही. अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती वाढविण्याचे कौशल्य मुख्यतः अत्यंत सूक्ष्म मापाच्या यंत्रणकामात होते. ते सातपूर, अंबड व इगतपुरी येथील कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या अनेक लहान उद्योगांत दोन-तीन पिढ्यांत रुजले. विद्युत् मोटारीस प्रोथ, अंतःक्षेपक, झडपा वा टर्बोचार्जर लागत नाही. तिची शक्ती घटमाला, चलित्र व विद्युत् नियंत्रक यांवर ठरते. मालमोटारी, ट्रॅक्टर व इतर जड यंत्रे यांत डीझेल एंजिनाचा वापर मोठा असल्याने हे कौशल्य लगेच निरुपयोगी ठरणार नाही; तथापि मोटारींच्या प्रवेगाची पुढील वाढ बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर होईल, अशी चिन्हे आहेत. सहस्रांश मिमी.पर्यंत अचूक काम करण्याची ही परंपरा नव्या साधनांकडे कितपत वळविली जाते, यावर या परिसरातील मोटार उद्योगाचे पुढील स्थान अवलंबून राहील.